फेरीच्या चेक-इनवर ट्रक अडतो तेव्हा: कॅले–डोव्हर मार्गावरील कस्टम्सच्या कागदपत्रांची क्रमवार तपासणी

युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये फेरीने, म्हणजे ट्रक वाहून नेणाऱ्या जहाजाने (उदा. फ्रान्समधील कॅलेहून इंग्लंडमधील डोव्हरला), माल नेणारा ट्रक बंदराच्या फाटकावर अडला, की पहिला संशय कस्टम्सच्या घोषणापत्रावर घेतला जातो आणि घाईघाईने दुसरे घोषणापत्र दाखल केले जाते. हा दोष पुन्हा पुन्हा दुरुस्त करताना मला असे दिसले आहे, की याच उपायाने सर्वाधिक नुकसान होते. घोषणापत्रातील मजकूर बहुतेक वेळा बरोबर असतो. मात्र घोषणापत्राचा क्रमांक, जीएमआर (गुड्स मूव्हमेंट रेफरन्स, म्हणजे गाडीच्या एका खेपेचा संदर्भ क्रमांक), गाडीचा नंबर आणि फेरीचा मार्ग या चार गोष्टी एकमेकींशी जुळत नसतात. ही जुळणी तपासायला पैसा लागत नाही, वेळही फारसा लागत नाही, म्हणून ती आधी करावी. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून ब्रिटनची घोषणापत्रे भरणारे आणि इंग्लंडमधील वाहतूक कंपन्यांत काम करणारे मराठी सहकारी यांच्यासाठी हा क्रम येथे मांडतो आहे.

ज्यांना या व्यवस्थेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटनचे महसूल व सीमाशुल्क खाते, म्हणजे एचएमआरसी, गुड्स व्हेइकल मूव्हमेंट सर्व्हिस ही संगणकीय सेवा चालवते. १ जानेवारी २०२१ रोजी ती ट्रान्झिटसाठी, म्हणजे वाटेत कर न भरता पुढे नेल्या जाणाऱ्या मालासाठी, सुरू झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून, ज्या बंदरांनी ही पद्धत स्वीकारली आहे तेथील आयात-निर्यातीलाही लागू झाली. वाहतूकदार या सेवेत एका गाडीच्या एका खेपेसाठी एक जीएमआर तयार करतो आणि त्या गाडीतील सर्व मालाच्या घोषणापत्रांचे क्रमांक त्यात जोडतो. फेरी कंपनी चेक-इनच्या वेळी हा जीएमआर तपासते. जहाज निघाल्यावर त्यात जोडलेली आगाऊ घोषणापत्रे आपोआप पुढे सरकतात, आणि ट्रक समुद्रावर असतानाच त्याला तपासणीसाठी जावे लागेल की नाही हे ठरते.

लक्षणे

दोष नेमका कोठे प्रकट होतो यावरून तो कोणत्या जातीचा आहे हे बऱ्याच अंशी कळते, म्हणून चालकाला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा, की गाडी कोणत्या खिडकीवर अडली आणि तेथे नेमके कोणते शब्द वापरले गेले.

जीएमआर तयार झाला आहे पण सेवा तो प्रवासास योग्य नसल्याचे दाखवते, हे पहिले लक्षण. जीएमआर योग्य दिसतो, तरीही फेरी कंपनीचा कर्मचारी तो नाकारतो, हे दुसरे. गाडी जहाजावर चढते आणि डोव्हरला उतरते, पण आयात घोषणापत्र अजूनही ‘माल आलेला नाही’ याच स्थितीत राहते, हे तिसरे; ते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही आणि काही दिवसांनी त्रास देते. चौथे लक्षण म्हणजे समुद्रप्रवासात ‘तपासणीसाठी हजर व्हा’ असा निरोप येणे. हा मुळात दोष नाही, तो सीमाशुल्क खात्याचा निर्णय आहे, आणि त्याला दोष समजून घोषणापत्रात फेरफार करू लागणे चुकीचे आहे. ब्रिटनकडून फ्रान्सकडे जाणाऱ्या गाड्यांची लक्षणे वेगळी असतात, त्यांचा विचार पुढे केला आहे.

सर्वांत आधी गाडीचा नंबर

सोबत चालक असलेल्या गाडीच्या जीएमआरमध्ये ओढणाऱ्या ट्रकचा नोंदणी क्रमांक लागतो; चालकाविना फक्त ट्रेलर जहाजावर चढवायचा असेल तर ट्रेलरचा क्रमांक लागतो. आदल्या रात्री जीएमआर तयार होतो, पहाटे ट्रक नादुरुस्त होतो, वाहतूक कंपनी दुसरा ट्रक पाठवून तोच ट्रेलर ओढायला लावते, आणि कागद भरणाऱ्या कार्यालयाला हे कोणी कळवत नाही. माल तोच, ट्रेलर तोच, सीलही तेच. पण खिडकीवरचा कॅमेरा जो नंबर वाचतो तो जीएमआरमध्ये नसतो. हे कारण इतक्या वेळा निघते, की चालकाने नंबरप्लेटचा फोटो पाठवेपर्यंत मी पुढची कोणतीही तपासणी सुरू करत नाही. तोंडी सांगितलेल्या नंबरावर विश्वास ठेवू नये, कारण इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, तसेच ‘आय’ आणि एक यांची गल्लत फोनवर हमखास होते.

चेक-इन होण्यापूर्वी जीएमआरमधील नंबर बदलता येतो. चेक-इन झाल्यावर तो बंद होतो आणि त्यात काहीही बदलता येत नाही, म्हणून ही तपासणी खिडकीपाशी नव्हे तर गाडी बंदराच्या अलीकडे असतानाच व्हायला हवी.

जीएमआर याच खेपेचा आहे का

एक जीएमआर एकाच खेपेला चालतो. नियमित ये-जा करणाऱ्या चालकाच्या मोबाइलमध्ये मागच्या खेपांचे जीएमआर साठलेले असतात आणि तो जुनाच दाखवतो. किंवा ब्रिटनमधून बाहेर जाण्यासाठी केलेला जीएमआर परतीच्या वाटेवर पुढे करतो. हे तपासायला अर्धे मिनिट पुरते.

मार्गाची बाब थोडी अधिक गंभीर आहे. जीएमआरमध्ये निघण्याचे आणि पोहोचण्याचे बंदर नोंदलेले असते, आणि आयात घोषणापत्रातही माल कोठे दाखल होणार याचा स्थानसंकेत असतो. वादळामुळे किंवा जागा न मिळाल्यामुळे मार्ग बदलला, तर दोन्हीकडे बदल लागतो, पण घाईत फक्त जीएमआर बदलला जातो. डिसेंबर २०२४ मधील डाराघ वादळात वेल्समधील होलीहेड बंदराच्या धक्क्यांचे नुकसान होऊन ते जानेवारी २०२५ पर्यंत बंद राहिले, तेव्हा आयर्लंडशी ये-जा करणाऱ्या गाड्या इतर बंदरांकडे वळवाव्या लागल्या. अशा वळणावर कागदही गाडीबरोबर वळले पाहिजेत. शिवाय सगळी बंदरे जीएमआरच्या पद्धतीने चालत नाहीत. काही ठिकाणी माल आधी तात्पुरत्या साठवणीत घेऊन मग सोडवण्याची पद्धत आहे, म्हणून नवे बंदर कोणत्या पद्धतीचे आहे हे सरकारी यादीत पाहिल्याशिवाय गाडी वळवू नये.

क्रमांकाची अठरा अक्षरे

घोषणापत्र स्वीकारले गेल्यावर मिळणारा एमआरएन (मूव्हमेंट रेफरन्स नंबर), म्हणजेच घोषणापत्राचा क्रमांक, हा अठरा अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक वर्षाचे, पुढची दोन अक्षरे देशाची, आणि त्यानंतर चौदा अक्षरे. जीएमआरमध्ये जोडलेला क्रमांक मोजून पाहावा. सतरा भरला तर नकल करताना एक अक्षर गळले आहे. देशाची अक्षरे फ्रान्सची किंवा नेदरलँड्सची असतील, तर युरोपातील निर्यात घोषणापत्राचा क्रमांक ब्रिटनच्या आयात घोषणापत्राच्या रकान्यात पडला आहे. या मार्गावरील प्रत्येक खेपेला दोन देशांचे दोन एमआरएन असतात, त्यामुळे ही गल्लत अगदी काळजीपूर्वक काम करणाऱ्यांकडूनही होते. कधी एमआरएनऐवजी कार्यालयाचा स्वतःचा फाइल क्रमांकच टाकलेला सापडतो.

क्रमांक हाताने टाइप करू नये. घोषणापत्राच्या स्वीकृतीच्या संदेशातून तो थेट उचलावा.

मिश्र मालाचा ट्रेलर

एका ट्रेलरमध्ये एकाच व्यापाऱ्याचा माल असेल तर काम सोपे असते. अनेक व्यापाऱ्यांचा थोडा थोडा माल एकत्र भरलेला असेल, तर मात्र एका लहानशा पेटीच्या अपुऱ्या कागदासाठी पूर्ण ट्रेलर अडतो. तेथे दोष शोधण्याची माझी पद्धत ठरलेली आहे, आणि ती संगणकावरून नव्हे तर ट्रेलरपासून सुरू होते. माल भरल्यानंतर झालेली यादी मागवावी. भरण्याआधी केलेली योजना नव्हे, कारण शेवटच्या क्षणी एखादा पॅलेट वाढतो किंवा मागे राहतो. त्या यादीशेजारी सीएमआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीची मालपत्रे ठेवावीत, आणि तिसऱ्या बाजूला जीएमआरमधील एमआरएन. मालपत्रांची आणि एमआरएनची संख्या सारखी असेलच असे नाही, कारण एका घोषणापत्रात अनेक मालपत्रे सामावू शकतात. म्हणून जुळणी नगांची संख्या आणि एकूण वजन यांवर करावी. प्रत्येक पॅलेट कोणत्या ना कोणत्या एमआरएनखाली आला पाहिजे, आणि जो माल ट्रेलरमध्ये नाही त्याचा एमआरएन जीएमआरमध्ये राहता कामा नये.

दुसऱ्या अटीकडे सहसा दुर्लक्ष होते. मागे राहिलेल्या मालाचा एमआरएन जीएमआरमध्ये तसाच ठेवला, तर जहाज निघताच तो माल देशात आल्याची नोंद होते, कर आकारला जातो, आणि तो माल दोन दिवसांनी खरोखर येतो तेव्हा त्याच्याकडे वापरण्याजोगे घोषणापत्र उरलेले नसते. फाटकावर अडलेला ट्रक काही तासांत सुटतो, पण ही चूक निस्तरायला पत्रव्यवहार करावा लागतो. काही व्यापाऱ्यांना माल स्वतःच्या नोंदवहीत दाखल करून नंतर तपशील देण्याची परवानगी असते. अशा मालासाठी जीएमआरमध्ये एमआरएनऐवजी त्या व्यापाऱ्याचा ईओआरआय, म्हणजे सीमाशुल्काकडील नोंदणीचा, क्रमांक जातो, आणि तो ‘जीबी’ने सुरू होणाराच लागतो. ‘एक्सआय’ने सुरू होणारा क्रमांक उत्तर आयर्लंडच्या व्यवहारांसाठी असतो.

सुरक्षा घोषणा आणि घड्याळ

युरोपीय संघातून येणाऱ्या मालासाठी ब्रिटनने ३१ जानेवारी २०२५ पासून सुरक्षाविषयक प्रवेश घोषणा सक्तीची केली. सोबत चालक असलेल्या गाडीसाठी ही जबाबदारी ट्रक चालवणाऱ्या वाहतूकदाराची असते, तर चालकाविना जाणाऱ्या ट्रेलरसाठी फेरी कंपनीची. आयात घोषणापत्र भरणारा समजतो की ही सुरक्षा घोषणा वाहतूकदार भरेल, वाहतूकदार समजतो की एजंटाने भरली असेल, आणि ती कोणीच भरत नाही. ती कोण भरणार हे कामाच्या सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे.

छोट्या समुद्रमार्गावर ही घोषणा पोहोचण्याच्या किमान दोन तास आधी दाखल व्हावी लागते. कॅले ते डोव्हर प्रवास साधारण दीड तासाचा आहे, म्हणजे गाडी जहाजावर चढण्याआधीच ती मुदत संपते. ‘जहाजावर बसल्यावर भरू’ ही सोय येथे नाही. त्यात फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते, आणि भारतातून काम करणाऱ्यांना उन्हाळ्यात साडेचार व हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक सांभाळावा लागतो. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळे बदलतात. सर्व वेळा ब्रिटनच्याच घड्याळात लिहायची शिस्त एकदा लावली, की हा प्रश्न उद्भवत नाही.

आता घोषणापत्र उघडावे

वरचे सर्व जुळले आणि तरीही गाडी अडली असेल, तरच घोषणापत्राच्या आत पाहावे. येथे बदल करणे महाग पडते, कारण प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहते आणि चुकीच्या दुरुस्तीतून नवा दोष निर्माण होतो.

पहिली बाब घोषणापत्राच्या प्रकाराची. जीएमआरच्या मार्गाने येणाऱ्या आयातीचे घोषणापत्र माल येण्यापूर्वीचे, म्हणजे आगाऊ, असले पाहिजे. नेहमीच्या घोषणापत्रासाठी तो संकेत ‘डी’ आहे. उलट ब्रिटनमधून याच मार्गाने होणाऱ्या निर्यातीचे घोषणापत्र माल हजर असल्याचे, म्हणजे ‘ए’ संकेताचे लागते, आणि पुढे जाण्याची परवानगी मिळाल्यावरच गाडीने बंदराकडे निघायचे असते. दोन्ही दिशांचे काम एकच व्यक्ती करते तेव्हा जुन्या घोषणापत्राची प्रत काढून नवे भरताना हे अक्षर तसेच राहून जाते.

दुसरी बाब ‘आरआरएस०१’ या अतिरिक्त माहितीच्या संकेताची. हा संकेत नसेल तर हा माल जीएमआरच्या मार्गाने येतो आहे हे सीमाशुल्काच्या संगणकाला कळत नाही. जहाज निघाल्याचा निरोप आला तरी घोषणापत्र जागचे हलत नाही, आणि वर सांगितलेले तिसरे लक्षण दिसते. स्थानसंकेतही येथेच पाहावा. जीएमआर पद्धतीच्या ठिकाणांचे संकेत ‘जीव्हीएम’ या अक्षरांनी संपतात, त्यामुळे चुकीच्या पद्धतीचे ठिकाण निवडले गेले असेल तर ते लगेच ओळखता येते.

यांपैकी काही चुकले असेल तर तेच घोषणापत्र दुरुस्त करावे. दुसरे भरू नये. एकाच मालाची दोन घोषणापत्रे उघडी राहिली, तर एक रद्द करण्यासाठी अर्ज करावा लागतो, कराची रक्कम दोनदा अडकू शकते, आणि आयातदाराच्या नोंदींवर अकारण संशयाची छाया पडते. ट्रक उभा असताना ‘नवे भरून टाका’ असा वाहतूकदाराचा आग्रह होतो; तो न मानणे हे आपले कर्तव्य आहे.

माल ट्रान्झिटवर असेल तर

नाशिकची द्राक्षे न्हावाशेवाहून कंटेनरने रॉटरडॅमला उतरतात, आणि त्यांतील काही माल तेथून ट्रकने, फेरीमार्गे ब्रिटनला जातो. युरोपीय संघात कर न भरता तो पुढे न्यायचा असेल तर टी-१ ट्रान्झिट घोषणापत्रावर न्यावा लागतो. अशा वेळी जीएमआरमध्ये ट्रान्झिटचा एमआरएन जातो. येथे वारंवार दिसणारा दोष असा, की ट्रान्झिटचे घोषणापत्र स्वीकारले गेलेले असते पण निघण्याच्या ठिकाणच्या सीमाशुल्क कार्यालयाने मालाला वाट मोकळी केलेली नसते. क्रमांक हातात असतो, कागदही छापलेला असतो, म्हणून चालक निघतो, आणि बंदरावर तो क्रमांक चालत नाही. क्रमांक मिळणे आणि मोकळीक मिळणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरी पूर्ण झाल्याचा संदेश पाहिल्याशिवाय गाडी गोदामातून हलवू नये.

कागदावरचा सीलचा क्रमांक दारावरच्या सीलशी जुळतो का, हेही चालकाकडून फोटोने पाहून घ्यावे. जुळत नसेल किंवा सील तुटलेले असेल, तर येथेच थांबावे.

उलट दिशेला

डोव्हरहून कॅलेला जाताना ब्रिटनच्या जीएमआरखेरीज फ्रान्सच्या सीमाशुल्काची व्यवस्थाही लागते. युरोपकडील घोषणापत्रांचे क्रमांक एका इलेक्ट्रॉनिक लिफाफ्यात एकत्र करून त्याचा एकच बारकोड डोव्हरला दाखवला जातो, आणि तो गाडीच्या नंबरप्लेटशी जोडला जातो. प्रवासातच निकाल लागतो: हिरवा आला तर गाडी सरळ बाहेर, नारिंगी आला तर कॅलेमध्ये तपासणीच्या वाहनतळाकडे. लिफाफ्यातून एखादे घोषणापत्र सुटले तर ते नारिंगी मिळण्याचे कारण ठरते, म्हणून मिश्र मालाची वर सांगितलेली जुळणी येथेही तशीच करावी. युरोपीय संघाची आयसीएस-२ ही सुरक्षा घोषणांची व्यवस्था रस्ते वाहतुकीलाही १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, आणि तिला मालाच्या वर्गीकरणाचा सहा अंकी संकेत लागतो. ‘सुटे भाग’ किंवा ‘मिश्र माल’ असे वर्णन चालत नाही. आयर्लंडसाठी प्री-बोर्डिंग नोटिफिकेशन, म्हणजे जहाजावर चढण्यापूर्वीची सूचना, द्यावी लागते, तर नेदरलँड्समध्ये पोर्टबेस या यंत्रणेत पूर्वनोंदणी करावी लागते. तपासणीचा क्रम मात्र बदलत नाही.

कोठे थांबावे

तपासणीचा निरोप आला असेल तर दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा आणि चालकाला सांगितलेल्या ठिकाणीच पाठवावे. डोव्हरला उतरणाऱ्या गाड्यांसाठी ते बहुधा केंट परगण्यातील ॲशफर्डजवळचे सेव्हिंग्टन असते. न जाता गाडी पुढे नेली तर दंड होऊ शकतो. सील तुटले असेल, ट्रान्झिटची मुदत उलटली असेल किंवा ट्रान्झिटमधील करासाठी दिलेल्या हमीची रक्कम अपुरी पडली असेल, तर परवानाधारक ट्रान्झिट एजंटाला बोलवावे, कारण त्या हमीमागे कोणाचा तरी खरा पैसा अडकलेला असतो. मांस, दूध, वनस्पती किंवा जिवंत प्राणी यांची आरोग्यप्रमाणपत्रे चुकली असतील, तर ती केवळ मूळ देशातील अधिकृत पशुवैद्य किंवा वनस्पती निरीक्षकच दुरुस्त करू शकतात. एजंटाने त्यांतील एक अक्षरही बदलू नये. मालाच्या वर्गीकरणाबद्दल किंवा मूल्याबद्दल अधिकाऱ्याने प्रश्न विचारला असेल, तर तो कागद जुळवण्याचा विषय राहिलेला नाही, त्याला सीमाशुल्क सल्लागार लागतो. आणि वरची सर्व तपासणी दोनदा करूनही कारण सापडत नसेल, तर तिसऱ्यांदा करण्याऐवजी एचएमआरसीच्या मदतकेंद्राला विचारावे, कारण कधी कधी सेवाच बंद पडलेली असते आणि तशी सूचना तेथे दिलेली असते.

ज्यांना बोलावणार त्यांच्या हाती जीएमआर, त्यातील सर्व एमआरएन, ट्रक आणि ट्रेलर यांच्या नंबरप्लेटचे फोटो, सीलचा फोटो, भरल्यानंतरची यादी, मालपत्रे, आणि खिडकीवर मिळालेला संदेश जसाच्या तसा द्यावा. आपण आतापर्यंत काय बदलले आणि ब्रिटनच्या घड्याळात किती वाजता बदलले, हेही त्यांना लिहून कळवावे.